जागल्याचा वकील नेमकं काय करतो?

ताज्या एपिसोडचा हा लेखी अवतार. लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, किंवा ऐकून झाल्यावर "तो आकडा काय होता रे?" म्हणून ज्यांना परत यावं लागतं, त्यांच्यासाठी. मधले "अं... म्हणजे..." काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून करतो. काही महिन्यांपूर्वी रात्री दीड वाजता एका मित्राची व्हॉइस नोट आली. आवाज एकदम दबका. "अरे, ऑफिसमध्ये एक फोल्डर हाती लागलाय. सरकारी ऑर्डरचा माल गेलाच नाहीये आणि बिलं मात्र पास झालीयेत. मी सगळं माझ्या जीमेलवर पाठवून ठेवलंय. उद्या ट्विटरवर थ्रेड टाकू का?"

मी लिहिलं, "थांब. आधी वकिलाशी बोल."

त्याचा लगेच रिप्लाय, "कुठल्या? या कामाचा वेगळा वकील असतो का?"

मला माहीत नव्हतं. मग मी शोधायला बसलो आणि त्यातून हा एपिसोड झाला.

आधी एक शब्द. व्हिसलब्लोअरला मराठी पेपरवाल्यांनी 'जागल्या' हा शब्द दिलाय. गावात रात्री जागून राखण करायचा तो जागल्या. मला हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा आवडतो. शिट्टी म्हटलं की बाहेरून आलेला रेफरी डोळ्यांसमोर येतो. जागल्या गावातलाच असतो, आणि ओरडल्यानंतर सकाळी त्याला त्याच गावात राहायचं असतं.

तर, जागल्यांचे वकील. हे काम करिअर म्हणून बघायचं असेल तर अमेरिकेत जावं लागतं, आणि तिथे एक नाव सारखं समोर येतं: स्टीफन कोन. १९८४ साली कायद्याची पदवी घेतल्यावर हा माणूस सुरुवातीला अणुऊर्जा प्रकल्पांतल्या कामगारांच्या केसेस लढायचा. प्लांटमध्ये सुरक्षेत काहीतरी गडबड आहे असं सांगितलं म्हणून ज्यांना काढलं, अशा लोकांच्या. १९८८ मध्ये त्याने भाऊ मायकल आणि डेव्हिड कोलापिंटो यांच्यासोबत वॉशिंग्टनमध्ये फर्म काढली. तेव्हापासून तीन दशकांहून जास्त काळ हेच काम.

त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या केसेसपैकी एक फ्रेडरिक व्हाइटहर्स्ट यांची. व्हाइटहर्स्ट एफबीआयच्या लॅबमध्ये स्फोटकांचे केमिस्ट होते. ते वर्षानुवर्षं आतल्या आत सांगत होते की लॅबमध्ये विज्ञान नीट होत नाहीये, रिपोर्ट सरकारी बाजूला सोयीचे होतील असे लिहिले जातायत. ऐकलं नाही कुणी. उलट १९९७ च्या जानेवारीत त्यांनाच बाजूला बसवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्याय खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलचा रिपोर्ट आला आणि त्यात लॅबमधल्या कामाचे गंभीर दोष मांडले होते. १९९८ मध्ये एफबीआयने दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम देऊन प्रकरण मिटवलं. पुढे व्हाइटहर्स्ट स्वतःही वकील झाले आणि जुन्या खटल्यांच्या फाइली उकरत राहिले. २०१५ मध्ये एफबीआयने मान्य केलं की केसांच्या सूक्ष्म तपासणीवर त्यांच्या तज्ज्ञांनी कोर्टात दिलेल्या ज्या साक्षी तपासून झाल्या, त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त साक्षींमध्ये चुकीची विधानं होती. त्या साक्षींवर माणसं तुरुंगात गेली होती. म्हणजे बघा, एका केमिस्टची नोकरीतली तक्रार किती लांबपर्यंत पोचू शकते.

आता ती केस, जिच्यासाठी मी मित्राला रात्री अडीच वाजता फोन लावला.

ब्रॅडली बर्केनफेल्ड. अमेरिकन बँकर, युबीएस या स्विस बँकेच्या जिनिव्हा ऑफिसमध्ये. काम काय, तर श्रीमंत अमेरिकन लोकांचा पैसा स्वित्झर्लंडमध्ये ठेवायचा, म्हणजे तिकडच्या टॅक्सवाल्यांना पत्ता लागत नाही. एकदा तर यांनी एका क्लायंटचे हिरे टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये घालून सीमेपार नेले होते! (हे ऐकून आमचा एडिटर हसत सुटला. पण टूथपेस्ट विमानातून नेता यायची ते दिवस होते, काय करणार.)

२००५ मध्ये बर्केनफेल्डने नोकरी सोडली आणि २००७ मध्ये तो अमेरिकन सरकारकडे गेला. त्याने दिलेल्या माहितीतून जे उघड झालं त्याने स्विस बँकांची गुप्तताच हादरली. फेब्रुवारी २००९ मध्ये युबीएसने ७८ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं आणि नंतर हजारो खातेदारांची नावंही दिली.

आणि बर्केनफेल्डला काय मिळालं? ४० महिन्यांची शिक्षा.

का? सरकारी वकिलांचं म्हणणं असं की याने बँकेचं सगळं सांगितलं, पण स्वतःच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटबद्दल आणि त्यातल्या स्वतःच्या भूमिकेबद्दल सुरुवातीला तोंड उघडलं नाही. त्याची बाजू अशी की स्विस कायद्याने नावं सांगणं हाच गुन्हा होता, त्यामुळे आधी सरकारने रीतसर समन्स काढावं असं तो मागत होता. कोण किती खरं, यावर आजही वाद होतो. पण एवढं नक्की की कुणाला, कोणत्या क्रमाने, काय सांगितलं, यावर या माणसाची अडीच वर्षं गेली.

कोन यांनी बर्केनफेल्डच्या बक्षिसाचा दावा लढवला. २००६ च्या अखेरीस अमेरिकेत कायदा बदलला होता. करचोरीची माहिती देणाऱ्याला वसूल झालेल्या रकमेच्या १५ ते ३० टक्के द्यायचे. त्यात एक अट होती. चोरीची योजना ज्याने आखली आणि सुरू केली, आणि त्यासाठी जो दोषी ठरला, त्याला काही मिळणार नाही. आता बर्केनफेल्ड कटात होता, हे त्याने स्वतः कबूल केलं होतं. पण कट आखणारा आणि कटात काम करणारा यांत फरक असतो, आणि अशा फरकावर बोट ठेवणं हेच तर वकिलाचं काम. ऑगस्ट २०१२ मध्ये बर्केनफेल्ड तुरुंगातून बाहेर आला आणि पुढच्याच महिन्यात जाहीर झालं की त्याला १० कोटी ४० लाख डॉलर मिळणार. तेव्हाच्या दराने पाचशे कोटी रुपयांच्या वर.

माणूस तोच, माहितीही तीच. आधी तुरुंग, मग चेक.

म्हणून माझं मत असं झालंय की या वकिलाचं खरं काम कोर्टात दिसत नाही. ते कोर्टाच्या बरंच आधी असतं. क्लायंट घाबरलेला असतो, संतापलेला असतो, त्याला उद्याच सगळं बाहेर काढायचं असतं. वकील त्याला समोर बसवून विचारतो: हे तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस? हा कागद बघायचा तुला अधिकार होता का? यातल्या कशावर तुझी सही आहे? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. कारण घोटाळा आतून दिसणारा माणूस बहुतेक वेळा थोडाफार त्याच्या आतच असतो.

आणि मग गप्प बसायला लावतो. अमेरिकेत सरकारला फसवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध १८६३ चा कायदा आहे, यादवी युद्धात सैन्याला वाईट माल विकणाऱ्या कंत्राटदारांसाठी केलेला. त्यात सामान्य माणूस सरकारच्या वतीने केस टाकू शकतो, पण ती सीलबंद राहते. सरकार तपास करेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. कागदावर ६० दिवस, प्रत्यक्षात मुदतवाढ घेत घेत वर्षं. आपल्याकडच्या दिनेश ठाकूर यांचंच घ्या. रॅनबॅक्सीतल्या खोट्या डेटाबद्दल त्यांनी २००५ मध्ये अमेरिकन औषध नियामकाला कळवलं, पुढे वकिलामार्फत याच कायद्याखाली केस टाकली, आणि कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले ते २०१३ च्या मे महिन्यात. आठ वर्षं! ठाकूर यांच्या वाट्याला सुमारे ४.८ कोटी डॉलर आले. पण आठ वर्षं पोटात ठेवून जगायचं, घर चालवायचं, हे एकट्याने होत नाही. तिथे वकील हा अर्धा समुपदेशक असतो.

शेअर बाजाराच्या नियामकाकडे, म्हणजे तिकडच्या एसईसीकडे, नाव न सांगताही तक्रार करता येते. पण बक्षीस हवं असेल तर निनावी तक्रार वकिलामार्फतच करावी लागते. तुमचं नाव फक्त वकिलाला माहीत. २०१० च्या कायद्यानंतर एसईसीने अशा लोकांना दोन अब्ज डॉलरहून जास्त वाटलेत. वकिलाची फी त्या रकमेतून. क्लायंटच्या खिशात पैसे नसले तरी वकील केस घेतो, कारण जिंकलो तर दोघांना मिळणार. म्हणून तिकडे ही वेगळी प्रॅक्टिस उभी राहिली.

आता आपल्याकडे. पुण्यातल्या एका वकील मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "अशी वेगळी प्रॅक्टिस नाहीये रे. नोकरीवरून काढलं तर सर्व्हिस मॅटरवाला, मोठं प्रकरण असेल तर जनहित याचिका. फी दिली तर दिली." यामागे एक कारण आहे जे मला आधी माहीत नव्हतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेतला तो सगळा गाडा ज्या चाकावर चालतो, ते चाक इथे बसतच नाही.

आणि कायदा? २००२ मध्ये सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनिअरने सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. आपल्या तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांना १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना मारलं. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, २०१४ च्या मे मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली. पण तो लागू करायची अधिसूचना निघालेलीच नाही. कायदा आहे, आणि नाही. मला यावर चिडायचंही आता कळत नाही.

म्हणजे सगळीच दारं बंद आहेत का? तसं नाही. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्यांबद्दल तक्रार असेल तर २००४ च्या ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाता येतं. यात निनावी चालत नाही. पत्र बंद लिफाफ्यात, लिफाफ्यावर जनहित प्रकटनाखालची तक्रार असं स्पष्ट लिहायचं, आणि आपलं नाव-पत्ता लिफाफ्यावर नाही तर आतल्या पत्रात. ओळख गुप्त ठेवणं ही आयोगाची जबाबदारी. इनसायडर ट्रेडिंगची माहिती असेल तर सेबीची २०१९ पासूनची योजना आहे, तिथे वकिलामार्फत माहिती देता येते आणि बक्षिसाची कमाल मर्यादा आता १० कोटी रुपये आहे.

आणि एक प्रसंग सांगायलाच हवा. २०१४ मध्ये प्रशांत भूषण यांनी सीपीआयएल या संस्थेच्या वतीने सीबीआय संचालकांच्या घरच्या भेटींची वही सुप्रीम कोर्टात सादर केली. कोर्ट म्हणालं, ही वही कुणी दिली त्याचं नाव सीलबंद पाकिटात द्या. संस्थेने नाव द्यायला नकार दिला. सुप्रीम कोर्टाला नाही म्हणायचं, विचार करा! नोव्हेंबरमध्ये कोर्टाने तो आदेश मागे घेतला आणि संचालकांना टूजी तपासापासून दूर राहायला सांगितलं. ते नाव बाहेर आलंच नाही.

आता माझा मित्र. फोनवर मी त्याला बर्केनफेल्ड सांगितला तेव्हा तो आधी पाचशे कोटींवरच अडकला होता. मग हळूच म्हणाला, "त्यातल्या दोन चलनांवर चेक्ड बाय म्हणून माझी सही आहे." बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पुढच्या शनिवारी त्या मैत्रिणीने आम्हाला तासभर दिला. तिने पहिल्यांदा जीमेलचं विचारलं. ऑफिसच्या लॅपटॉपवरून स्वतःच्या मेलवर फाइली पाठवल्या म्हणजे कंपनीला डेटा चोरीची केस आयती हातात दिली, असं ती म्हणाली. आता ते डिलीट करू नकोस, डिलीट केलं तर पुरावा नष्ट केला म्हणतील. नवीन काही पाठवू नकोस. काय पाहिलंस, कधी, तेव्हा सोबत कोण होतं, हे तारखेसकट घरच्या वहीत लिहून काढ. आणि त्या दोन सह्या कुणाच्या सांगण्यावरून केल्यास, ते पहिल्या पानावर.

थ्रेड टाकलेला नाही. तक्रारही अजून गेलेली नाही. वहीची अकरा पानं झालीत, आणि पहिलं पान त्याने तीनदा फाडून परत लिहिलंय. तो हा एपिसोड ऐकणार आहे, नाव आणि खुणा बदलून ठेवायला त्याने सांगितलं होतं, ते केलंय.

भेटू पुढच्या गुरुवारी.