होडीच्या इंजिनाचा ताप
ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातून रोहित पक्षी बघायला होड्या याच खाडीत जातात. होडीच्या मागच्या फळीला टांगलेल्या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ते खाडीचंच पाणी ओढून स्वतःला गार ठेवतं. इथे ओहोटीला चिखल ढवळतो, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचं तर विचारूच नका! एखादी पिशवी पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसली, की इंजिन तापू लागतं. लक्ष गेलं नाही तर पिस्टन सिलिंडरमध्येच अडकतो.

जाणते नाखवे इंजिनातून पडणारी पाण्याची बारीक धार बघत असतात. सवय चांगली, पण होडी हाकताना नजर पुढेच हवी ना? म्हणून समोर काटे बसवायचे. एक तापमानाचा, एक पाण्याच्या दाबाचा. एकच परवडत असेल, तर मी म्हणेन दाबाचा घ्या. तापमान चढायला वेळ लागतो, दाब मात्र पाणी अडताच पडतो. साध्या दाबमापकाला वीजही नको, इंजिनापासून काट्यापर्यंत बारीक नळी पुरते.

काटा पडला, तर इंजिन बंद करून आधी नांगर टाका, नाहीतर ओहोटी होडीला चिखलात नेऊन बसवेल. मग इंजिन वर उचलून पिशवी काढा. त्या नळीतही गाळ बसतो, तेव्हा ती अधूनमधून गोड्या पाण्याने धुवायला हवी.