कवळी सैल झाली, लाळ गळते... दुखणं दातांचं की मेंदूचं?

कोंढ्यात काय किंवा पवनी तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, म्हाताऱ्या माणसाची कवळी सैल झाली की तो दातांच्या डॉक्टरकडे जातो. मेंदूच्या डॉक्टरचा विचारही मनात येत नाही. बहुतेक वेळा हिरडी झिजलेली असते. पण कधीकधी बिघाड कवळी सांभाळणाऱ्या जिभेच्या आणि गालांच्या स्नायूंमध्ये असतो.

पार्किन्सनच्या आजारात लाळ गळते, पण ती जास्त सुटते म्हणून नव्हे. आपण दिवसभर नकळत लाळ गिळत असतो. ते गिळणं मंदावतं आणि लाळ साचते. सोबत ओठ किंवा हनुवटी थरथरणं, आवाज बारीक होणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं अशी लक्षणं दिसू शकतात.

मोटर न्यूरॉनच्या आजारात जीभ रोडावते आणि तिच्यावर बारीक फडफड दिसते. बाहेर काढलेली जीभ निरोगी माणसाचीही थरथरते, म्हणून ती तोंडात सैल ठेवूनच बघावी लागते. अशा रुग्णाला खुर्चीत पूर्ण आडवं केलं तर घोटभर पाण्यानंही ठसका लागतो.

अल्झायमरची चाहूल वेगळी असते. वर्षानुवर्षं दात जपणाऱ्या बाईच्या तोंडात काही महिन्यांत कीटण साचतं, कवळी कुठे ठेवली ते आठवत नाही. हा बदल ओळखायला आधीचं तोंड पाहिलेलं असावं लागतं. इथे गावचा ओळखीचा डॉक्टर शहरातल्या मोठ्या दवाखान्यापेक्षा सरस ठरतो, असं मला वाटतं.

विदर्भात गोंधळ वाढवतो तो खर्रा. त्यातल्या सुपारीनं गालाची आतली बाजू चिवट होते, तोंड तीन बोटंही उघडत नाही, बोलणं बदलतं. मग जीभ जड झाली तरी ‘खर्ऱ्यामुळंच’ म्हणून विषय संपतो. खर्ऱ्याच्या तोंडात गालाला आतून ताठ पट्टे लागतात, तिखटानं आग होते. गाल मऊ असूनही जीभ वळत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, हेही आहेच.

उलटीवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनीही थरथर येते. त्यामुळे तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. यातलं एकही लक्षण निदान नव्हे. दातांच्या डॉक्टरनं चिठ्ठी द्यायची, निदान मेंदूविकारतज्ज्ञानं करायचं. मात्र तोंड वाकडं होणं किंवा जीभ जड पडणं अचानक सुरू झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा दातांच्या दवाखान्यात न थांबता थेट मोठं रुग्णालय गाठा.