तपासण्यांचे टनेज नको, उतारा दाखवा
आरोग्याच्या नव्या उद्योगांत पैसा येतो आहे. गावाने त्याचा हिशेब कसा मागावा?

शेअर म्हणजे काय, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला शिकवायची गरज नाही. माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगरचा छत्रपती असो, नाहीतर इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा असोत. गावात विचारले तर कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा सभासद सापडतोच. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. तेव्हापासून आपल्याकडे एक विचार रुजला आहे. घातलेला पैसा बुडता कामा नये, पण त्या पैशाने भागाचेही भले झाले पाहिजे.

हाच विचार आता आरोग्याच्या उद्योगात आला आहे. त्याला म्हणतात 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टमेंट', म्हणजे समाजावर होणारा परिणाम पाहून केलेली गुंतवणूक. हे नाव २००७ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ गावी, अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या बैठकीत ठरले. नाव परदेशी असले तरी त्यातून उभे राहिलेले यंत्र उद्या तुमच्या उपकेंद्राच्या टेबलावर येणार आहे. काही आलेही आहे. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आरोग्य समितीच्या सदस्यांनी हा विषय समजून घेतलेला बरा.

दान नव्हे, सावकारीही नव्हे

दान देणारा पैसे परत मागत नाही. सावकार फक्त पैसे परत मागतो, तुमचे काय झाले हे विचारत नाही. या दोघांच्या मधला हा तिसरा माणूस. त्याला मुद्दल हवे, थोडा परतावा हवा आणि शिवाय 'माझ्या पैशाने किती माणसांचे काम झाले?' याचा आकडाही हवा. न्यूयॉर्कचा अक्युमेन आणि मुंबईचा आविष्कार हे या वाटेवरचे जुने फंड. दोघांची सुरुवात २००१ ची. आपल्या देशात सेबीने २०१२ मध्ये अशा सामाजिक फंडांसाठी नियमावली केली.

नवा उद्योग या फंडापर्यंत एका उडीत जात नाही. आधी कल्पना, मग नमुना, मग चाचणी. या पहिल्या टप्प्यात पैसा बुडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून तिथे बहुधा सरकारी अनुदान लागते. केंद्राची बायरॅक ही संस्था अशा कल्पनेला ५० लाख रुपयांपर्यंत मदत देते. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर २००७ पासून अशा नवउद्योगांना जागा, प्रयोगशाळा आणि सल्ला देते. रोपवाटिकेत रोप वाढवावे, तसेच हे काम.

पुण्यातली दोन रोपे सांगण्यासारखी आहेत. जीवट्रॉनिक्स या कंपनीने बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र केले. ते विजेवर चालते आणि वीज नसेल तेव्हा हाताने दांडा फिरवूनही चालते. लोडशेडिंग सोसलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको. पेरिविंकल या कंपनीने बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सोपी करणारे, हातात धरता येणारे उपकरण केले. दोन्ही यंत्रे मोठ्या हॉस्पिटलपेक्षा लहान दवाखान्याच्या जास्त कामाची.

रुग्णवाहिकेची गोष्ट

या पैशाने काय होऊ शकते आणि कुठे अडते, हे महाराष्ट्रातल्याच एका उदाहरणावरून नीट कळते. २००५ च्या सुमारास मुंबईत काही तरुणांनी मोजक्या गाड्यांवर १२९८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू केली. कंपनीचे नाव झिकित्झा. २००७ मध्ये अक्युमेनने तिच्यात १५ लाख डॉलर घातले.

तिची भाड्याची रीत साधी होती. पेशंट खासगी हॉस्पिटलला निघाला तर पूर्ण भाडे, सरकारी हॉस्पिटलला निघाला तर कमी. अपघातात सापडलेल्या, जवळ कोणी नसलेल्या माणसाला फुकट. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. कुठल्या हॉस्पिटलला जायचे, त्यावरूनच ऐपत ओळखायची. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जखमींना हलवायलाही या गाड्या धावल्या.

पण हा हिशेब मुंबईत जुळतो. खासगी हॉस्पिटलला जाणारे पूर्ण भाड्याचे पेशंट खेड्यात मिळायचे किती? तिथे गाडीचा खर्च कुणीतरी दुसऱ्याने उचलावा लागतो, आणि तो दुसरा म्हणजे सरकार. पुढे हीच कंपनी अनेक राज्यांत सरकारी १०८ चे ठेके घेऊन वाढली. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. ते काम पुण्याच्या बीव्हीजी या दुसऱ्या कंपनीकडे गेले. बारामती काय, इंदापूर काय, पेशंट पुण्याला न्यायचा तर शंभर किलोमीटर आणि त्याहून जास्त अंतर. इथे गाडीचे महत्त्व कुणाला सांगावे?

ठेका आला की फेऱ्यांचे बिल आले. झिकित्झाच्या राजस्थानातल्या कामाच्या बिलांवरून २०१५ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण शहाण्याने घ्यायचा धडा आहेच: पैसे फेरीवर मिळत असतील, तर फेऱ्या मोजणारा माणूस कंपनीबाहेरचा हवा. कारखान्याच्या काट्यावर आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो, ते कशासाठी?

एक थेंब रक्त आणि एक पट्टी

दुसरे उदाहरण रक्तक्षयाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचे रक्त कमी निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय, ७ च्या खाली गेले की जिवाला धोका.

मुंबई-ठाण्याकडच्या बायोसेन्स कंपनीतल्या तरुण डॉक्टर-इंजिनिअरांनी यावर यंत्र करायला घेतले. कंपनीच्या संस्थापकांपैकी मिश्किन इंगवले यांनी २०१२ च्या जाहीर भाषणात सांगितले, की सुई न टोचता रक्त मोजणारे यंत्र जमेपर्यंत बत्तीस प्रयत्न झाले. पुढे कंपनीने रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन मोजणारे यंत्रही काढले. २०१८ मध्ये केंद्राने 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहीम आखली, तिच्यात अशा डिजिटल यंत्रानेच जागेवर तपासणी करायचे धरले आहे. म्हणजे सरकार हेच मोठे गिऱ्हाईक.

आता खरा खर्च बघा. यंत्र एकदा घ्यायचे, पट्टी दर तपासणीला. म्हैस विकत घेणे सोपे, रोजची पेंड अवघड. यंत्राच्या उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतो. पट्टी संपली की यंत्र कपाटात. मग आशाताईने काय करायचे? नखे आणि डोळे बघून पुन्हा अंदाज बांधायचा?

काटा आणि उतारा

इथे मूळ मुद्द्यावर येऊ. गुंतवणूकदाराला परिणामाचा आकडा हवा असतो आणि सगळ्यात सोपा आकडा म्हणजे 'इतक्या हजार तपासण्या झाल्या'. अहो, हे तर टनेज झाले! गव्हाणीत ऊस किती पडला यावर साखर ठरत नाही, उताऱ्यावर ठरते. एखाद्या बाईचे हिमोग्लोबिन साडेसहा निघाले आणि वहीत लिहिले, एवढ्याने तिचे काय भले झाले? तिला गोळ्या मिळाल्या का, तिने त्या खाल्ल्या का, गरज होती तेव्हा उपजिल्हा रुग्णालयात पोचून रक्त चढले का, आणि पुन्हा मोजल्यावर आकडा वर गेला का? बऱ्या झालेल्या बाया हा उतारा.

त्यात आपल्या भागाची एक खास गोष्ट ध्यानात ठेवा. हंगामात बीड-नगरकडच्या टोळ्या येतात. कोपीवर राहणारी ऊसतोड बाई पहाटे फडात जाते. गावाच्या यादीत तिचे नाव नसते आणि तपासणीचे शिबिर दुपारी शाळेत भरते. ज्या मोहिमेच्या आकड्यात कोपीवरच्या बाया नाहीत, तिचा उतारा कागदावर कितीही चढा दिसो, खरा नव्हे.

आणि प्रत्येक इलाज मोठ्या भांडवलातूनच येतो असेही नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध वापरून माणसे वाचवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून नवे यंत्र दारात आले की आधी विचारावे, हे काम साध्या उपायाने होत नाही ना?

'पैसे लावा' म्हणणारा दारात आला तर

ऊसबिल हातात आले, जमिनीचा मोबदला जमा झाला, की योजना सांगणारे येतात. 'आरोग्याच्या स्टार्टअपमध्ये वीस हजार टाका, तीन वर्षांत दुप्पट,' असे कुणी म्हणाले तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. सेबीकडे नोंदलेल्या अशा फंडात एका गुंतवणूकदाराने किमान १ कोटी रुपये घालावेत, हा सर्वसाधारण नियम आहे. आणि खासगी कंपनीला गावोगाव फिरून लोकांकडून शेअरचे पैसे गोळा करायला कायद्याने बंदी आहे. जाणकार फंडसुद्धा दहा कंपन्यांत पैसा घालतो तेव्हा काही बुडणार हे धरूनच चालतो. तुमच्या पोरीच्या लग्नाचा पैसा बुडण्यासाठी नाही.

ग्रामसभेत काय विचाराल?

गावाला शेअर घ्यायचा नाही, पण अधिकार गावाकडे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वाटेने ठेवले होते. गावात आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. यंत्र खरेदीचे असो, देणगीचे असो की चाचणीचे, या समित्यांत एवढे प्रश्न विचारा आणि उत्तरे प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या:

१. पट्टी, बॅटरी, कागद यांचा वर्षाचा खर्च किती आणि तो कुणाच्या खात्यातून? पट्टी दुसऱ्या कंपनीची चालते का?

२. यंत्र बिघडले तर दुरुस्ती कुठे होते, किती दिवसांत? कंपनी बंद पडली तर काय?

३. यंत्राला केंद्रीय औषध नियंत्रण खात्याची मान्यता आहे का? चाचणी चालू असेल तर नीतिमत्ता समितीची परवानगी आहे का, आणि माणसाला मराठीत समजावून सही घेतली का? 'नाही' म्हणणाऱ्याचा इलाज थांबणार नाही ना?

४. गावकऱ्यांची माहिती कुणाकडे जाते?

५. दोष सापडल्यावर पुढचा इलाज कुठे, आणि तिथवर पेशंटला नेणार कोण?

६. सहा महिन्यांनी उतारा कोण मोजणार? कंपनीच स्वतःचा मोजणार असेल तर चालणार नाही.

प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. शारदानगरला कृषी विज्ञान केंद्राच्या प्लॉटवर नवे वाण स्वतः बघितल्याशिवाय आपण बियाणे घेत नाही. मग लेकीबाळींच्या रक्ताचे यंत्र न बघता कसे घ्यायचे? बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून आहे. तिथल्या तज्ज्ञांचे मत मागवायला एक पत्र पुरते. शारदानगरलाच अटल इन्क्युबेशन सेंटरही आहे. त्याचा भर शेतीवर असला, तरी नवा उद्योग कसा पारखतात हे सांगणारी माणसे तिथे भेटतील.

या पैशाकडे संशयानेच बघा, असे सांगायचे नाही. सरकारी अनुदान नमुन्यापर्यंत पुरते, बँक तारण मागते. मधली नदी ओलांडायला हा पैसा लागतो. तो आला नाही तर चांगली यंत्रे पाषाणच्या प्रयोगशाळेतच राहतील. पण कारखाना आपला म्हणून आपण त्याचा ताळेबंद वाचायचे सोडत नाही. वार्षिक सभेत उठून उताऱ्याचा जाब विचारणारा सभासद इथे गावोगाव आहे. तोच सभासद पुढच्या ग्रामसभेत उठला पाहिजे आणि म्हणाला पाहिजे, "तपासण्या किती झाल्या ते राहू द्या. बाया बऱ्या किती झाल्या, तेवढं वाचून दाखवा."