रक्त मिळतं, हाडांचं काय?

‘जालना, सोने का पालना’ ही जुनी म्हण. आज या शहराचं नाव निघतं ते लोखंडी सळयांसाठी. सळईनं घर उभं राहतं. शरीरात मात्र लोह जास्त झालं, तर आधी ग्रंथी बिघडतात आणि मग हाडं पोखरली जातात. थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मलेल्या मुलींना हा धोका कायम असतो.

या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिन पुरेसं बनत नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येतं. शरीर रोज बाहेर टाकतं जेमतेम १ मिलिग्रॅम. वर्षाला ३० पिशव्या धरल्या तर किमान ६ ग्रॅम लोह जमतं. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात ते ३-४ ग्रॅमच असतं. लोह काढणारी औषधं चुकली, की ते यकृतात, हृदयात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत साचतं. पीयूषिका मंदावली की अंडाशयांना चालना मिळत नाही, इस्ट्रोजेन घटतं. पाळी येतच नाही, नाहीतर आलेली थांबते.

घरात याची कुजबुज होते ती सोयरिकीच्या काळजीनं. हाडांचा विचार कुणाच्या मनात येत नाही. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखतं. वाढीच्या वयातच ते नसलं, तर हाडं भरत नाहीत. रक्त बनवण्याच्या धडपडीत फुगलेली अस्थिमज्जा हाडाला आतून पातळ करते. ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि मधुमेह त्यात भर घालतात. मग ऐन विशी-पंचविशीत कंबर धरते, किरकोळ पडण्यानंही हाड मोडतं.

विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची तऱ्हा वेगळी. तिथे विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्या अडवतात आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. मुली वयातही उशिरा येतात.

थॅलेसेमियातल्या या त्रासावर उपाय आहेत. दहाव्या वर्षापासून डेक्सा तपासणीनं हाडांची घनता मोजता येते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली संप्रेरकं देता येतात. प्लीहा काढलेल्या मुलींत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, म्हणून गोळीपेक्षा त्वचेवरची पट्टी बरी मानतात. अंडाशयं बहुधा शाबूत असतात, त्यामुळे त्यांना चालना देणाऱ्या इंजेक्शनांच्या मदतीनं मातृत्वही शक्य होतं.

जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुमारे ६० किलोमीटरवर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही आहेत. तेव्हा भोकरदन-मंठ्याहून रक्तासाठी येणाऱ्या मुलीच्या कागदावर पिशव्यांच्या नोंदीशेजारी उंची, पाळी, फेरिटिन (साठलेल्या लोहाचं माप) आणि ड जीवनसत्त्व यांचेही रकाने असायला हवेत.

आईवडिलांना एवढंच सांगणं: मुलगी तेरा वर्षांची झाली आणि वयात येण्याच्या खुणा दिसल्या नाहीत, तर ‘येईल हळूहळू’ म्हणत थांबू नका. पुढच्या रक्ताच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा.