बारा नंबरचा आवाज

धुळे-जळगावकडच्या लग्नाच्या वरातीत, हळदीत किंवा ऑर्केस्ट्रात आता कीबोर्ड असतोच. कंपनी कोणतीही असो, बहुतेक कीबोर्डांत १९९१ साली ठरलेली ‘जनरल मिडी’ नावाची १२८ आवाजांची यादी बसवलेली असते आणि तिचा क्रमही ठरलेला असतो. पहिला पियानो, दहावा ग्लॉकेनस्पील, तेरावा मरिंबा. बारावा व्हायब्राफोन. अहिराणी गाण्याचा मुखडा सुरू होण्याआधी वादकाने हा बारावा आवाज लावला, तर मांडवात एक गार, थरथरता स्वर पसरतो. नाचणाऱ्यांना त्याचं नाव ठाऊक नसतं आणि वाजवणाऱ्यालाही ते फक्त पडद्यावर दिसतं. खरं वाद्य समोर उभं राहून पाहिलेला माणूस खानदेशात शोधूनही सापडणं कठीण. आवाज मात्र इथे घरोघर ऐकला गेलाय, आणि तो कीबोर्ड येण्याच्या तीस-चाळीस वर्षं आधीपासून.

व्हायब्राफोन जन्मला अमेरिकेत, १९२०च्या दशकात. टेबलासारख्या चौकटीवर पियानोच्या पट्ट्यांच्या क्रमाने धातूच्या पट्ट्या मांडलेल्या, सर्वसाधारणपणे तीन सप्तकं, ३७ पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली एक नळी आणि नळीच्या तोंडाशी विजेच्या मोटरवर फिरणारी चकती. चकती नळीचं तोंड झाकते, उघडते, पुन्हा झाकते. त्यातून तो थरथराट येतो. पायाशी पेडल असतं. ते दाबलं की स्वर लांबतो, सोडलं की तुटतो. सूत किंवा लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी हे सगळं वाजवायचं. जलतरंगाच्या आणि मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बंदुकीच्या नळ्यांपासून बनवलेल्या नलतरंगाच्या कुळाशी त्याचं नातं लावता येतं. फरक एवढाच की हा तरंग विजेवर चालतो. त्या मोटरचा वेग किती ठेवायचा, हाच वादकाच्या स्वभावाचा मोठा भाग. व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सनने तो कमी केला आणि वाद्य एकदम माणसाच्या आवाजाजवळ आलं.

जॅझमध्ये हे वाद्य आणलं मुख्यतः लायोनेल हॅम्प्टनने. १९३० साली लुई आर्मस्ट्राँगच्या एका रेकॉर्डिंगमध्ये त्याने ते वाजवलं, तेव्हापासून ते जॅझचं झालं. याच हॅम्प्टनने एका मैफलीत लॉस एंजेलिसमधल्या पाच वर्षांच्या पोराला आपल्या काठ्या भेट दिल्या, अशी कथा तो पोरगा, म्हणजे पुढचा व्हायब्राफोनवादक रॉय एअर्स, आयुष्यभर सांगत राहिला. एअर्सचा जन्म १९४० सालचा. १९६३ साली स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड. मग हर्बी मान या बासरीवादकाच्या ताफ्यात काही वर्षं. १९७० साली ‘युबिक्विटी’ हा स्वतःचा संच. इथून त्याचं संगीत जॅझच्या बैठकीतून उठून फंकच्या ठेक्यावर आलं. बास गिटार पुढे, ड्रमचा ठेका घट्ट आणि वर तरंगणारा व्हायब्राफोन. १९७३ साली त्याने ‘कॉफी’ या चित्रपटाला संगीत दिलं. १९७६ सालची ‘एव्हरीबडी लव्ह्ज द सनशाइन’ ही त्याची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका. गंमत म्हणजे त्या शीर्षकगीतात कान वेधून घेतो तो सिंथेसायझरचा लांब स्वर, व्हायब्राफोन आतल्या बाजूला राहतो. १९८० साली नायजेरियाच्या फेला कुटीबरोबर त्याने एक रेकॉर्ड केली. १९९४ साली मेरी जे. ब्लायजने ‘माय लाइफ’साठी त्याचा ‘सनशाइन’ उचलला. पुढे हिप-हॉपवाल्यांनी त्याच्या इतक्या तुकड्यांवर गाणी रचली की नव्या पिढीला तो त्या तुकड्यांतूनच भेटला. मार्च २०२५मध्ये तो वारला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले.

एअर्सच्या कारकिर्दीचा अभ्यास करायचा तर काम सोपं आहे. वेष्टनावर त्याचं नाव आहे, साल आहे, साथीदारांची नावं आहेत. आपल्याकडे मात्र हेच वाद्य, जवळपास त्याच वर्षांत, त्याहून कितीतरी मोठ्या श्रोतृवर्गासाठी वाजत होतं आणि वेष्टनावर वादकाचं नाव नव्हतं. त्या न लिहिलेल्या नावांपैकी एक मोठं घराणं म्हणजे मुंबईचे लॉर्ड.

कावस लॉर्ड हे पारशी तालवादक. बाँगो, काँगा, मराका ही लॅटिन अमेरिकेकडची तालवाद्यं हिंदी चित्रपटात रुजवण्याचं श्रेय स्टुडिओतली माणसं त्यांनाच देत आली आहेत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट मिळून ‘अलबेला’सारख्या चित्रपटात स्विंग आणि रुंबा मराठी-हिंदी कानांना सवयीचा करत होते, तो हा काळ. कावसांचा थोरला मुलगा केरसी १९३५ सालचा. धाकटा बुर्जोर, ज्याला सगळे बुजी म्हणत. बुजी ड्रम आणि व्हायब्राफोनचे वादक. केरसी काय वाजवत नव्हते, हे सांगणंच सोपं: तालवाद्यं, ग्लॉकेनस्पील, व्हायब्राफोन, ॲकॉर्डियन, पियानो, पुढे सिंथेसायझर आणि शिवाय अरेंजिंग. ‘हम दोनों’मध्ये देव आनंदच्या लायटरमधून जी छोटी धून वाजते ती केरसींच्या ग्लॉकेनस्पीलची. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’तलं ॲकॉर्डियनही त्यांचंच. ही दोन उदाहरणं पुष्कळांना ठाऊक आहेत. हजारो ध्वनिमुद्रणांच्या कारकिर्दीतली दोनच सांगता यावीत, यातच सगळं आलं.

असं का झालं, ते स्टुडिओच्या रीतीत दडलंय. तीस-चाळीसच्या दशकांत वादक स्टुडिओत पगारी नोकर असत. महायुद्धानंतर ते स्टुडिओ मोडत गेले आणि वादक मोकळा झाला, म्हणजे रोजंदारीवर आला. मेसेंजर निरोप आणायचा: उद्या नऊची शिफ्ट, ताडदेवचं फिल्म सेंटर किंवा वांद्र्याचं मेहबूब. वादकांच्या संघटनेने दर्जे ठरवलेले, दर्ज्याप्रमाणे मानधन. सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर कागदावर स्वरलिपी मांडायचा, सकाळी तालीम, दुपारपर्यंत टेक. साठ-साठ वादक, गायक आणि कोरस एकाच वेळी एकाच पट्टीवर ध्वनिमुद्रित होत. एकाचा स्वर हुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्यात व्हायब्राफोनवाल्याच्या वाट्याला कधी इंटरल्यूडमधले चारच स्वर यायचे. ते चार स्वर साठ माणसांची मेहनत वाया न घालवता, चकतीच्या वेगासह नेमके लावणं ही कारागिरी एकल वादनाइतकीच अवघड आहे, असं माझं मत आहे. जॅझच्या चाहत्यांना ते पटत नाही. त्यांना तासभराचा सोलो हवा असतो.

सत्तरच्या दशकात राहुलदेव बर्मन यांच्याकडे ही सगळी माणसं जमली तेव्हा हिंदी गाण्यात फंक आलं. ‘कारवाँ’, ‘हरे रामा हरे कृष्णा’, ‘जवानी दीवानी’, ‘यादों की बारात’. यातला शेवटचा १९७३ सालचा, म्हणजे एअर्सच्या ‘कॉफी’चं आणि त्याचं साल एकच. मुंबईतला संच मात्र अमेरिकेत कुठेही जमला नसता. सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, गिटारवर भूपिंदर, मादलवर कांचा. आणि सगळ्यांच्या खाली ठेका धरणारे मारुतीराव कीर, रेसो-रेसो या तालवाद्यावर अमृतराव काटकर ही मराठी माणसं. पंचमच्या, म्हणजे बर्मन यांच्या, बैठकीत तबल्याची लय आणि बास गिटारची लय एकमेकींवर कुरघोडी करत नव्हत्या, कारण दोन्हीकडची माणसं एकाच रोजंदारीवर एकाच खोलीत बसलेली होती. व्हायब्राफोनचं काम त्यात बहुधा रात्रीचं: कॅबरेच्या आधीचा सन्नाटा, स्वप्नात जाणारा नायक, फ्लॅशबॅकचं दार.

हे संगीत खानदेशात पोचलं रेडिओवरून. १९५२पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला, १९५७पासून विविधभारती. निवेदनाची रीत पक्की होती: चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. पाचवं नाव नव्हतं. खरं तर या गाण्यांच्या आवाजात खानदेशचा वाटा होताच. लता आणि आशा यांची आई शिरपूर तालुक्यातल्या तापीकाठच्या थाळनेरची. आजोळची लोकगीतं मुलींनी आजीकडून ऐकलेली. आशाबाईंच्या कॅबरे गाण्यात मागून बुजींचा ड्रम आणि केरसींचे स्वर येतात, तेव्हा थाळनेरचं आजोळ आणि मुंबईतलं पारशी घर एकाच टेकमध्ये उभं असतं. थाळनेरचा उल्लेख चरित्रांतून होतो, पारशी घराचा होत नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांना आणि त्यांच्या इन्स्टिट्यूटला डान्स बँडचं संगीत परकं नव्हतं. पण गावातल्या बाकीच्यांना ते रेडिओनेच दिलं, आणि बिनानावाचं दिलं.

केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या पैशाने मूग सिंथेसायझर मुंबईत आणला. वादकांत चलबिचल झाली. एका यंत्रातून इतके आवाज निघाले तर व्हायोलिनवाल्यांनी काय करायचं? विरोध झाला, तो काही काळाने ओसरला. भीती खोटी नव्हती, फक्त वीस वर्षं लवकर आली होती. नव्वदच्या दशकात सीक्वेन्सर आणि कीबोर्डने साठ वादकांच्या शिफ्टा संपवल्या. यंत्र आणणाऱ्या माणसाला त्यासाठी दोष देणं मला पटत नाही. सरोदपासून सेलोपर्यंत प्रत्येक नवा आवाज ज्यांनी हातात घेऊन पाहिला, त्यांनी मूगलाच का वगळायचं? शिवाय केरसी त्या यंत्रावरही वादकासारखेच वाजवत, हाताने, श्वासाने. आज बटणावर मिळणारा व्हायब्राफोन कोणाच्या मनगटातून आलेला नाही आणि पेडल सोडायला तिथे पायही नाही, एवढं मात्र ऐकताना कळतं.

या माणसांची दखल घ्यायला अखेर बाहेरून एक प्राध्यापक यावा लागला. न्यूझीलंडच्या ग्रेगरी बूथ यांनी आधी भारतातल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ लिहिलं आणि मग २००८ साली मुंबईच्या स्टुडिओ वादकांवर ‘बिहाइंड द कर्टन’. वरातीचा बँड आणि स्टुडिओ हे दोन विषय एकाच अभ्यासकाला सुचावेत, हे खानदेशातल्या वाचकाला तरी नवलाचं वाटू नये. रुद्रदीप भट्टाचार्जी यांनी लॉर्ड कुटुंबावर ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट केला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’मधून मुंबईच्या जॅझ काळाचं चित्र उभं राहिलं. मराठीत या विषयावर जे आहे ते बहुतेक संगीतकारांच्या चरित्रांत अडकलेलं आहे आणि तिथे वादक एखाद्या किश्शापुरता येतो.

दरम्यान जुनी गाणी पुन्हा परदेशी गेली. २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटाने कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’ आणि ‘अपराध’मधल्या गाण्यांचे तुकडे घेऊन जगभर गाजलेलं एक गाणं केलं. त्याच्या श्रेयात संगीतकार आले, गीतकार इंदीवरही आले. ज्यांच्या वाजवण्याचा तो तुकडा, ते नाहीत. एअर्सचा तुकडा उचलला की एअर्सकडे बोट जातं, कारण संगीतकार, वादक आणि वेष्टनावरचं नाव एकच आहे. मुंबईत या जागांवर वेगवेगळी माणसं होती आणि त्यांतल्या वादकाला दिवसाच्या शेवटी पाकीट मिळालं की हिशेब मिटत असे. २०१२ साली प्रताधिकार कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क पक्का मिळाला, पाठोपाठ गायकांची संस्था उभी राहिली. १९७३च्या शिफ्टमध्ये चार स्वर वाजवून गेलेल्या माणसापर्यंत यातलं फारसं काही पोचलं नाही. पोचवायचं म्हटलं तरी आधी तो कोण, हे ठरवावं लागेल.

ते ठरवण्याची रीत अजून तरी कष्टाचीच आहे. केरसी ऑक्टोबर २०१६मध्ये गेले. कोणत्या गाण्यात व्हायब्राफोन केरसींचा, कोणत्यात बुजींचा आणि कोणत्यात तिसऱ्याच कोणाचा, हे लेबल सांगत नाही. मूळ रेकॉर्डवर इंटरल्यूड वेगळं काढून ऐकायचं, मोटरचा वेग आणि पेडल सोडण्याची सवय टिपायची आणि त्या शिफ्टला शेजारी बसलेल्या वादकाला जाऊन विचारायचं. असे जे वादक उरलेत, त्यांतल्या पुष्कळांनी ऐंशी ओलांडली आहे.