कतारच्या हवेला साजेसं इंजिन

रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानासाठी कतारमध्ये इंजिन निवडताना आधी थर्मामीटर बघावा. 15 अंशांच्या मानाने 45 अंशांना हवा सुमारे 9 टक्के विरळ असते. इंजिनाचा जोर घटतो, पंखांची उचलही. म्हणून लेकीच्या पहिल्या विमानाला मी 6.5 ऐवजी 7.5 सीसीचं ग्लो इंजिन घेतलं. बॅटरीची मोटर सुटसुटीत खरी, पण उन्हात तापलेल्या गाडीत लिथियम बॅटरी ठेवणं धोक्याचं. ग्लो इंजिनाच्या मिथेनॉलमध्ये वंगण म्हणून बऱ्याचदा एरंडेल असतं. लहानपणी नाक दाबून प्यायलो, तेच! सुई किंचित सैल ठेवून इंधन जरा जास्त सोडलं, की इंजिन कमी तापतं. वाऱ्यावर वाळू असेल, तर मात्र विमान घरीच. लेक रुसते, पण रुसवा निघतो, पिस्टनवरचा ओरखडा नाही.