‘हर-टू पॉझिटिव्ह’ म्हणजे घराण्याचा आजार नव्हे

आईच्या स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीचा रिपोर्ट ‘हर-टू पॉझिटिव्ह’ आला, की डोंबिवली-कल्याणच्या घरांत आधी मुलीकडे नजर जाते. आता हिलाही होणार! मग रिपोर्ट कपाटात जातो, स्थळांपुढे अवाक्षर काढलं जात नाही, आणि मुलीच्या रक्तातलं ‘हर-टू’ तपासून मिळेल का, अशी लॅबमध्ये विचारणा होते. ही धास्ती विनाकारण आहे. किती वेळा सांगायचं, हा रिपोर्ट अनुवंशिकतेबद्दल काही सांगतच नाही.

सतराव्या गुणसूत्रावरचं हर-टू जनुक प्रत्येकात असतं, पुरुषांतही. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर ग्राहक (रिसेप्टर) म्हणून बसतं आणि वाढीचा निरोप आत पोचवतं. स्तनातल्या एखाद्या पेशीत पुढे कधीतरी बिघाड होतो, या जनुकाच्या भरमसाट जादा प्रती तयार होतात, पृष्ठभाग ग्राहकांनी गच्च भरतो आणि पेशी वाढतच सुटते. हा बिघाड गाठीपुरता असतो. बीजांडात तो नसतो, मग लेकीकडे जाणार कुठून?

तपासणी कशावर होते, तेच पाहा ना. परळच्या टाटा रुग्णालयात जाताना लोक पिशवीत स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक जपून नेतात. त्या मेणात गाठीचा तुकडा असतो आणि हर-टू त्यावरच तपासतात, दंडातून काढलेल्या रक्तावर नाही.

वारशाने येतात ते बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ यांसारख्या जनुकांमधले दोष, आणि स्तनांच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच अनुवंशिक असतात. आई तरुणपणी आजारी पडली असेल, आजी-मावशीला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर हर-टू काहीही येवो, जनुकीय सल्ला जरूर घ्यावा. तो प्रश्न वेगळा आहे.

हर-टूच्या रिपोर्टातलं ‘३+’ म्हणजे तिसरी स्टेज? अजिबात नाही. तो पेशीवर चढलेल्या रंगाचा गडदपणा आहे. ‘२+’ आलं तर निदान अर्धवट असतं, जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करावीच लागते.

‘हर-टू म्हणजे सगळं संपलं’ हे १९८७ साली खरं वाटण्याजोगं होतं. अमेरिकेतले कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लेमन यांनी त्या वर्षी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की जादा प्रती असलेल्या गाठी लवकर उलटतात. पण त्याच ग्राहकाला चिकटणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि चित्र पालटलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये केमोच्या जोडीला ते दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, हे २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं आहे.

ट्रास्टुझुमॅबचं ‘देशी इंजेक्शन दुय्यम’ हीही अफवाच. बायोकॉन कंपनीने २०१४ साली भारतात आणलेलं त्याचं जैवसमान औषध मायलनच्या भागीदारीत अमेरिकेच्या एफडीएपुढे गेलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालं.

दुष्परिणामांचं म्हणाल, तर केस जातात ते मुख्यतः सोबतच्या केमोमुळे. ट्रास्टुझुमॅबमध्ये जपायचं ते हृदयाला. म्हणून उपचाराआधी टू-डी इको करतात आणि औषध चालू असेपर्यंत साधारण दर तीन महिन्यांनी तो पुन्हा करायला सांगतात.